स्वतःला देवाच्या स्वाधीन करणे म्हणजे काय?

आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या प्रार्थनेत, प्रवचनात, लग्नात किंवा अंत्यविधीत ‘समर्पण’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. ‘मी माझे जीवन प्रभूच्या स्वाधीन केले’ असे ते सहज म्हणतात. वारकरी परंपरेत वाढलेल्या आपल्याला शरणागती नवी नाही. तरीही ख्रिस्ती श्रद्धेत या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे समजून घ्यायला हवे. त्यासाठी पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतके चांगले मराठी उदाहरण मिळणे कठीण.

ख्रिस्ती समर्पणाचा आदर्श खुद्द येशू आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने, शक्य असेल तर हे दुःख टळावे, अशी प्रार्थना केली. पण शेवटी स्वतःच्या इच्छेपेक्षा पित्याची इच्छा पूर्ण होवो, असे म्हटले. म्हणजे इथे भीती लपवलेली नाही आणि मागणेही मनात दाबून ठेवलेले नाही. मनातले सगळे सांगून झाल्यावर निर्णय मात्र देवावर सोपवला आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि मुलीलाही शास्त्रे शिकायला मिळाली. दुष्काळात आईवडील गेले, पुढे लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पतीही गेले. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत हे मोकळेपणाने लिहिले. मते पटणे आणि विधी पार पडणे एक, आणि स्वतःचा भार देवावर टाकणे दुसरे. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे माणसाचे तारण पुण्याच्या बदल्यात मिळत नाही, ती कृपा असते. त्यामुळे समर्पण ही देवाला द्यायची किंमत नाही. आधीच मिळालेल्या क्षमेला दिलेला तो होकार आहे.

मग समर्पण म्हणजे माणसांपुढे मान तुकवणे का? रमाबाईंचे उत्तर ठाम नकाराचे होते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. केवळ चर्च सांगते म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचे जू उतरवून दुसऱ्याचे मानेवर घ्यायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. देवाच्या स्वाधीन झालेले मन माणसांच्या दडपणापासून मोकळे होते, असे त्यांच्या वागण्यातून दिसते.

याला दुसरी बाजूही आहे. 1893 मध्ये पुण्याच्या शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्यावरून मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रित मुलीचा निर्णय कितपत तिचा स्वतःचा असतो, हा त्या वादातला प्रश्न आजही गंभीर आहे. ख्रिस्ती विचारातही समर्पण स्वेच्छेनेच व्हावे लागते. ते कोणाकडून करवून घेता येत नाही.

समर्पण म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, हा आणखी एक गैरसमज. केडगावला रमाबाईंनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. 1897 च्या सुमारास मध्य प्रांतातील आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतील निराधार मुलींना त्यांनी तिथे आणले. ‘मुक्ती’मध्ये शाळा, विणकाम, शेती, छापखाना सारे होते. ठराविक उत्पन्नाची हमी नव्हती. गरजांसाठी प्रार्थना होई आणि दिवसभर कामही होई. काम आपण करायचे, फळाची चिंता देवावर सोडायची, हा भाव गीता वाचणाऱ्यालाही परका वाटणार नाही. फरक एवढाच, की ख्रिस्ती माणूस ही चिंता पित्याच्या हाती देतो, मूल आपल्या वडिलांकडे देते तशी.

खरी कसोटी शेवटी आली. संस्थेची धुरा जिच्या हाती द्यायची, ती मनोरमा जुलै 1921 मध्ये वारली. त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी अखेरच्या दिवसांपर्यंत चालू ठेवले. समर्पणाने दुःख टळत नाही, हे यावरून स्पष्ट होते. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे इतकेच, की त्या दुःखात माणूस एकटा नसतो आणि हातातले काम निरर्थक ठरत नाही.

पुढच्या वेळी एखाद्या ख्रिस्ती स्नेह्याच्या तोंडून ‘प्रभूची इच्छा’ हे शब्द ऐकले, तर ते हताशपणाचे उद्गार समजू नयेत. त्यांमागे बहुधा बरीच झुंज आणि मग आलेला विश्वास असतो.