हिमप्रदेशातील बालसाहसकथा आणि सह्याद्रीतील बालवाचक : भंडारदरा परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

जागतिक बालसाहित्यात हिमाच्छादित भूमीवर घडणाऱ्या साहसकथांची एक समृद्ध परंपरा आहे. गोठलेली सरोवरे, बर्फात हरवलेली वाट, वादळात अडकलेली भावंडे आणि अखेरीस उबदार घराचे दार, अशा घटकांतून ही परंपरा आकाराला आली. मराठी बालवाचकापर्यंत ती इंग्रजीतून, भाषांतरांतून व रूपांतरांतून पोहोचली. मात्र या वाचकाच्या अनुभवात बर्फ नाही. महाराष्ट्रात थंडीच्या कडाक्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठतात आणि ती वृत्तपत्रांची बातमी होते. बर्फाशी आपल्या भूमीचे नाते एवढेच.

अशा वाचकाला हिमकथा का भावते, आणि ती वाचताना त्याला आपल्या भूमीविषयी काय शिकायला मिळते, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहेत. त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातला भंडारदरा परिसर संदर्भ म्हणून निवडला आहे. निसर्गाची तीव्रता, मुलांचे एकाकीपण आणि वाटेचा धोका ही हिमकथेची तिन्ही अंगे या परिसरात आढळतात. फरक इतकाच की येथे ती बर्फाऐवजी पावसाने निर्माण होतात.

हिमकथेची परंपरा

या परंपरेचे स्वरूप काही प्रमुख कृतींवरून स्पष्ट होते. हान्स क्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाची ‘हिमराणी’ ही कथा १८४४ मध्ये प्रसिद्ध झाली. काय या मुलाला हिमराणी घेऊन जाते आणि त्याची सोबतीण गेर्डा त्याच्या शोधात उत्तरेकडे निघते. ऑस्ट्रियन लेखक आदालबर्ट श्टिफ्टर यांची ‘बेर्गक्रिस्टाल’ ही कथा प्रथम १८४५ मध्ये व पुढे सुधारित रूपात १८५३ मध्ये आली. नाताळच्या आदल्या दिवशी आजोळाहून परतणारी दोन भावंडे हिमवर्षावात वाट चुकतात, हिमनदीवर पोहोचतात आणि रात्रभर जागी राहून जीव वाचवतात. त्यांच्या शोधासाठी दोन खोऱ्यांतील माणसे एकत्र येतात.

विसाव्या शतकात या परंपरेला वास्तववादी वळण मिळाले. आर्थर रॅन्सम यांच्या ‘विंटर हॉलिडे’ (१९३३) या कादंबरीत गालगुंडाच्या साथीमुळे मुलांची सुट्टी लांबते, सरोवर गोठते आणि मुले त्या बर्फावरून आपल्या कल्पनेतील उत्तर ध्रुवाकडे निघतात. इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवर १८९५ च्या हिवाळ्यात गोठले होते, तेव्हा रॅन्सम तेथील शाळेत शिकत होते. ती आठवण या कादंबरीच्या मुळाशी आहे. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘द लाँग विंटर’ (१९४०) मध्ये १८८०-८१ च्या हिवाळ्यात डाकोटा प्रदेशातील एका गावाची झालेली कोंडी येते. आगगाड्या बंद पडतात, सरपण संपते, मुले वाळलेल्या गवताचे पीळ देऊन जळण तयार करतात आणि कॉफीच्या छोट्या चक्कीवर गहू दळतात. अर्कादी गायदार यांच्या ‘चूक आणि गेक’ (१९३९) या रशियन कथेत दोन भाऊ आईसोबत मॉस्कोहून दूरच्या तैगात वडिलांना भेटायला जातात. वडिलांची तार भांडणाच्या भरात बर्फात हरवलेली असते आणि मुक्कामी पोहोचल्यावर वस्ती रिकामी आढळते.

कथानकातील बर्फाची कार्ये

या कथांचा एकत्रित विचार केल्यास बर्फ हे केवळ पार्श्वचित्र नसून कथानक पुढे नेणारे कारण आहे, असे दिसून येते. त्याची चार कार्ये सांगता येतील.

पहिले कार्य विलगीकरणाचे. बर्फ रस्ते बंद करतो व प्रौढांना दूर ठेवतो. त्यामुळे निर्णय घेण्याची जबाबदारी मुलांवर येते. दुसरे कार्य परिचित भूमी अपरिचित करण्याचे. कुंपण, पायवाट, शेताची हद्द हे सारे झाकले गेल्याने रोजचा परिसर मुलांना नव्याने शोधावा लागतो. तिसरे कार्य पुरावा जपण्याचे. बर्फावर पाऊल उमटते व टिकते. म्हणून शोध आणि पाठलाग शक्य होतो. ए. ए. मिल्न यांच्या ‘विनी द पू’ (१९२६) मध्ये पू व पिग्लेट बर्फातील अज्ञात प्राण्याचा माग काढत गोल फिरतात आणि शेवटी ती पावले त्यांचीच निघतात. हा विनोद बर्फाच्या याच गुणधर्मावर उभा आहे. चौथे कार्य घराचे मोल वाढवण्याचे. बाहेरच्या थंडीमुळे चूल, गरम पेय आणि आईचा आवाज यांना कथेत अर्थ प्राप्त होतो. श्टिफ्टरच्या कथेत आजीने आईसाठी दिलेली कडक कॉफीच भावंडांना जागे ठेवते.

मराठी बालसाहित्यातील हिम

भाषेच्या दृष्टीने पाहता मराठीचे हिमाशी जुने नाते आहे. ‘हिवाळा’ या शब्दाच्या मुळाशी ‘हिम’ आहे. ‘हिंव’ म्हणजे थंडी, त्यावरून ‘हिवताप’ हा शब्द आला. मात्र प्रत्यक्ष पदार्थासाठी रूढ झालेला ‘बर्फ’ हा शब्द फारसीतून आलेला आहे. मराठी साहित्यपरंपरेतील हिम मुख्यतः हिमालयात आहे. पांडवांच्या स्वर्गारोहणात ते आयुष्याच्या अखेरचे स्थान आहे, तर तीर्थयात्रेच्या वर्णनांत वैराग्याचे. युरोपीय बालकथेत बर्फ बालपणाशी जोडलेला असताना आपल्या परंपरेत तो वार्धक्याशी व विरक्तीशी जोडला गेला, हा भेद लक्षणीय आहे.

मराठी बालसाहित्यात हिमाला साहसाशी जोडण्याचे श्रेय प्रामुख्याने भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांच्याकडे जाते. १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक सुरू करणाऱ्या भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांचा मानसपुत्र बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. ‘गुलमर्गचे गूढ’ आणि ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’ ही शीर्षकेच या नायकाला बर्फाच्या प्रदेशापर्यंत घेऊन जातात. येथे एक बाब नोंदवावी लागते. रॅन्समच्या मुलांच्या दारात बर्फ येतो; मराठी नायकाला मात्र बर्फाकडे प्रवास करून जावे लागते. त्यामुळे मराठी हिमकथा ही स्वभावतः प्रवासकथा ठरते.

दुसरा प्रवाह सोव्हिएत पुस्तकांचा. मॉस्कोतील प्रकाशनसंस्थांनी मराठीत छापलेली स्वस्त व सचित्र बालपुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत महाराष्ट्रात विकली जात. अनिल हवालदार यांच्यासारख्या भाषांतरकारांमुळे रशियन मुलांचे जग मराठी घरांत आले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर हा ओघ आटला. तरीही एका पिढीच्या मनातील बर्फाचे चित्र या पुस्तकांनी घडवले, असे म्हणता येईल.

भंडारदऱ्याचा ऋतू

भंडारदरा प्रवरा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने येथे सुमारे ११ अब्ज घनफूट क्षमतेचा जलाशय निर्माण केला. भोवती रतनगड आणि १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखर आहे. याच जिल्ह्याच्या पूर्व भागात वार्षिक पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास असताना पश्चिम टोकाच्या घाटघर परिसरात तो सुमारे पाच हजार मिलिमीटरपर्यंत जातो. या परिसरात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती असून भातशेती हे उपजीविकेचे मुख्य साधन आहे.

येथील पावसाळा हा अनेक अर्थांनी उत्तरेकडील हिवाळ्याचा समकक्ष ऋतू आहे. पावसाआधी सरपण व धान्य यांची बेगमी करावी लागते. ओढे भरले की वाड्या-वस्त्या तुटतात. दाट धुक्यात दहा पावलांवरची वाट दिसत नाही. इरले वा घोंगडी घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही आणि घरात चुलीभोवतीच दिवस जातो. विलगीकरण, भूमीचे अपरिचित होणे आणि घराचे वाढलेले मोल ही हिमाची तीन कार्ये येथे पाऊस पार पाडतो. साहसाच्या स्मृतींचीही येथे वाण नाही. देवगावचे राघोजी भांगरे यांनी याच डोंगररांगांच्या आश्रयाने इंग्रज सत्ता व सावकारशाही यांविरुद्ध लढा दिला. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाणे येथे फाशी देण्यात आली.

बर्फ आणि पाऊस : भेदाची स्थळे

तथापि, बर्फाच्या जागी पाऊस ठेवला की हिमकथेची सह्याद्रीकथा होते, असे समजणे चुकीचे ठरेल. दोहोंतील भेद कथारचनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

बर्फ खुणा जपतो, पाऊस त्या पुसतो. चिखलातील पाऊल पुढच्या सरीत नाहीसे होते. म्हणून पाऊलखुणांवर आधारलेली शोधकथा येथे टिकणार नाही. येथील मुलाला पाण्याचा बदललेला आवाज, गढूळपणा, गुरांचे बिथरणे यांवरून अंदाज बांधावा लागेल. बर्फ पाण्यावर वाट निर्माण करतो, पाऊस असलेली वाट पाण्याखाली घालतो. गोठलेल्या सरोवरावरून मुले पलीकडे चालत जातात; भरलेला जलाशय मात्र समोरचे गाव दूर नेतो. हिमवर्षाव शांत असतो, तर मुसळधार पावसात हाक ऐकू जात नाही. बर्फाळ रात्र परावर्तित प्रकाशाने उजळते. पावसाळी रात्र मात्र काळोखी असते, आणि तिच्या उंबरठ्यावर, मे-जूनच्या संधिकाळात, काजव्यांनी लखलखणारी झाडे असतात.

सर्वांत महत्त्वाचा भेद शालेय वर्षाचा आहे. युरोपीय हिमकथा बहुधा नाताळच्या सुट्टीच्या आसपास घडते. आपल्याकडे उन्हाळी व दिवाळीच्या सुट्ट्या या पावसाळ्याच्या बाहेर पडतात, आणि जूनमध्ये पावसाबरोबरच शाळा सुरू होते. परिणामी ‘सुट्टीतील साहस’ या लोकप्रिय मराठी चौकटीत डोंगरातील पाऊस सहसा बसत नाही. या भागातील अनेक मुले याच काळात आश्रमशाळांच्या वसतिगृहांत, घरापासून दूर असतात. त्यांच्यासाठी घर आणि शाळा यांमधील वाट हेच साहसाचे क्षेत्र असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भरलेला ओढा ओलांडून शाळेत जाणे हे वाचकाला रोमहर्षक वाटू शकते. त्या मुलासाठी ती साकवाच्या अभावाची गोष्ट असते. रॅन्समची मुले साहस निवडतात, वाइल्डरच्या मुलांवर ते लादले जाते. सह्याद्रीतील बालकथेला वाइल्डरचा मार्ग अधिक जवळचा आहे. तिच्या कादंबरीत टंचाई सुंदर करून दाखवलेली नाही. गवताचे पीळ वळताना हात सोलवटतात हेही सांगितले आहे. तरीही मुले दयेचा विषय होत नाहीत, कारण त्यांना काम येते आणि त्या कामाने घर तगते.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

महाविद्यालयीन स्तरावर बालसाहित्य किंवा भाषांतरित साहित्य शिकवताना हिमकथेचा उपयोग दोन टप्प्यांत करता येईल. प्रथम विद्यार्थ्यांनी कथेतील बर्फाची कार्ये शोधावीत; म्हणजे ‘निसर्गवर्णन सुंदर आहे’ यापलीकडे चर्चा जाईल. त्यानंतर आपल्या गावातील कोणता ऋतू ती कार्ये करतो आणि कोणती करू शकत नाही, याची मांडणी करावी. मराठवाड्यातील विद्यार्थी दुष्काळाकडे, कोकणातील विद्यार्थी खाडीच्या भरती-ओहोटीकडे, तर अकोल्यातील विद्यार्थी पाऊस व धुक्याकडे वळेल. भाषांतराच्या अभ्यासातही याचा लाभ होतो. बर्फाच्या विविध अवस्थांसाठी मराठीत शब्द अपुरे पडतात. उलट सर, झड, रिपरिप, भुरभुर, मुसळधार, संततधार असे पावसाचे शब्द विपुल आहेत. शब्दसंपत्ती अनुभवाच्या मागे जाते, हे यातून सहज पटते.

याचा अर्थ परकी हिमकथा दूर सारावी असा नाही. दूरचे वाचल्याने क्षितिज रुंदावते आणि काही वेळा ते प्रत्यक्षातही उतरते. महाराष्ट्र शासनाच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट शिखर सर केले. राज्यातील अत्यंत उष्ण जिल्ह्यातील मुलांनी जगातील सर्वोच्च हिमशिखर गाठले, ही घटना कोणत्याही कल्पित साहसकथेच्या तोडीची आहे.

समारोप

हिमकथेचे सामर्थ्य बर्फाच्या नवलात असले तरी केवळ त्यात नाही. परिचित जग अपरिचित झाल्यावर मूल कसे वागते, या प्रश्नात ते अधिक आहे, आणि म्हणूनच बर्फ न पाहिलेला मराठी वाचकही तिच्याशी समरस होतो. मात्र साहस हे नेहमी दुसऱ्यांच्या भूमीत, दुसऱ्यांच्या ऋतूत घडते अशी समजूत बालवाचकाच्या मनात रुजली, तर स्वतःचा परिसर त्याला कथेस अपात्र वाटू लागतो. भंडारदऱ्यासारख्या परिसरातील मुलांच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर आहे, कारण त्यांचा प्रदेश इतरांच्या लेखनात मुख्यत्वे पर्यटनस्थळ म्हणून येतो. पर्यटक धबधबा पाहून त्याच दिवशी परततो. पुढचे तीन महिने तेथे राहणाऱ्या मुलाला जे ठाऊक असते, ते पर्यटकाला ठाऊक नसते. ते ज्ञान मराठी बालसाहसकथेत यावयाचे असेल तर या भागातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना लेखनाची संधी व दृष्टी मिळणे आवश्यक आहे. हे काम वर्गातील अध्यापक करू शकतो, आणि त्याची सुरुवात एखाद्या चांगल्या हिमकथेच्या वाचनापासूनही होऊ शकते.