घरातला पहिला पदवीधर : सवलत कोणाला, कोणत्या कागदावर

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मध्ये, कावेरीच्या खोऱ्यात, पापनाशम हा भातशेतीचा तालुका आहे. इथल्या शेतमजुराच्या घरातली मुलगी बारावी झाली की ‘शिष्यवृत्ती मिळते म्हणे’ हे तिच्या कानावर चार ठिकाणांहून येतं. ती कोणती, कोण देतं, कोणता कागद लागतो, हे घरात कोणालाच सांगता येत नाही, कारण त्या घरातून आजवर कोणी कॉलेजात गेलेलंच नसतं. माझ्या मते ही अडचण पैशाच्या चणचणीइतकीच मोठी आहे. तमिळनाडू सरकारने ती ओळखली. घरातल्या पहिल्या पदवीधराला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात सवलत देणारी योजना तिथे २०१०-११ पासून चालू आहे.

या सवलतीबद्दलचा सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे ती फक्त गरिबांसाठी किंवा ठरावीक जातींसाठी आहे. तसं नाही. तिला जातीची अट नाही आणि उत्पन्नाची मर्यादाही नाही. पाहिलं जातं ते एवढंच, की घरात आधी कोणी पदवी घेतली आहे का. त्यामुळे तंजावरकडच्या मराठी घरांनाही ती तितकीच खुली आहे. तमिळनाडूच्या मागासवर्गीयांच्या यादीत ब्राह्मणेतर मराठे आहेत, त्याचा उपयोग इतर योजनांना होतो, पण इथे जातीच्या दाखल्यावर काही अडत नाही. घरात शिक्षण नसणं ही स्वतंत्र वंचितता आहे, ती जात आणि उत्पन्न या दोन रकान्यांत मावत नाही, हे एका राज्याने कागदावर मान्य केलं. महाराष्ट्राने याचा विचार जरूर करावा. आपल्याकडे २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. ते चांगलंच झालं, पण घरातली पहिली शिकणारी म्हणून तिची वेगळी नोंद त्यात नाही.

दुसरा घोळ ‘पहिला’ म्हणजे कोण, यावर होतो. आईवडील पदवीधर नाहीत म्हणून लोक निश्चिंत असतात. पण ‘पहिला पदवीधर’ असल्याचा दाखला देताना आजी-आजोबा, तेही आईकडचे आणि वडिलांकडचे दोन्ही, आणि सख्खी भावंडं यांचंही शिक्षण पाहिलं जातं. थोरल्या भावाने सवलत घेतली असेल तर धाकटीला मिळत नाही. नियम कडक आहे, आणि घरात तीन मुली असतील तर तो जाचतोही.

‘सवलत मिळाली म्हणजे सगळं फुकट’ हेही खरं नाही. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात ही सवलत वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत असते, तीही फक्त शिक्षण शुल्कात. वसतिगृह, बस, परीक्षा शुल्क हा खर्च उरतोच. पैसे विद्यार्थ्याच्या हातात येत नाहीत, फीमधून वजा होतात. शिवाय प्रवेश सरकारी समुपदेशनातूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. एजंटाच्या शब्दावर विसंबून अशी जागा घेणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

दाखल्यासाठीही एजंट लागत नाही. अर्ज ई-सेवै केंद्रात करता येतो आणि त्याचं शुल्क अगदी थोडं असतं. तिथून तो गावच्या व्हीएओकडे, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याकडे, मग महसूल निरीक्षकाकडे आणि शेवटी तालुका कचेरीत जातो. निकालानंतर सगळ्यांची एकदमच धावपळ सुरू होते, म्हणून शिधापत्रिका आणि घरातल्या सगळ्यांच्या शिक्षणाचे कागद बारावीच्या परीक्षेआधीच एका पिशवीत काढून ठेवलेले बरे.

‘एक घेतली की दुसरी मिळत नाही’ अशीही एक समजूत आहे. काही योजनांत तसं बंधन असतं, सगळ्यांत नाही. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलीला ‘पुदुमै पेण’ योजनेतून पदवी पूर्ण होईपर्यंत महिना १,००० रुपये मिळतात, आणि दुसरी शिष्यवृत्ती असली तरी ते बंद होत नाहीत. ही योजना सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. मुलांसाठी तशीच ‘तमिळ पुदल्वन’ ऑगस्ट २०२४ मध्ये आली.

केंद्राच्या शिष्यवृत्तीत तर एका शब्दाने घोळ होतो. बारावीनंतरच्या केंद्रीय क्षेत्र योजनेला ८० पर्सेंटाइल लागतात, ८० टक्के नव्हे. आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत, शंभरातल्या ऐंशी विद्यार्थ्यांच्या पुढे असणं, असा त्याचा अर्थ. ७४ टक्के मिळालेली मुलगी एखाद्या बोर्डात पात्र ठरू शकते आणि ८२ टक्केवाला दुसऱ्या बोर्डात बाहेर राहू शकतो. टक्के कमी म्हणून अर्जच न करणारी मुलं मला सगळ्यात जास्त खटकतात, कारण त्यांना नकार दुसऱ्या कोणी दिलेलाच नसतो. उत्पन्नमर्यादा साडेचार लाखांची आहे आणि पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात.

मिळालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी आपोआप चालू राहत नाही. या योजनेत नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. मिळालेली शिष्यवृत्ती हातची जाणं नवं नाही. पापनाशमपासून जवळच असलेल्या कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात १९०४ साली गणिती श्रीनिवास रामानुजन शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणिताखेरीज बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष झालं, ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते, फीचा भार घराला पेलणारा नव्हता.

आणखी एक बारीक गोष्ट. बँकेत खातं असलं म्हणजे पैसे येतीलच असं नाही. थेट हस्तांतराची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. घरात कधीतरी दुसरं खातं काढून ते आधारला जोडलं असेल, तर पैसे तिकडे पडून राहतात आणि मुलगी इकडे पासबुक पाहत बसते. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे, एवढं विचारून यावं.