वर्दीतला साहेब, बिनवर्दीचा कामगार

पेठच्या डोंगराळ मुलखातून नाशिक ओलांडून ओझरला गेले, की हवाई दलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो लागतो. मिग-२९, सुखोई-३० यांसारखी लढाऊ विमाने येथे खोलून, तपासून पुन्हा उड्डाणयोग्य केली जातात. हे काम हवाई सैनिक आणि नागरी कर्मचारी मिळून करतात. विमान एक, पण त्याभोवती उभ्या असलेल्या दोघांचे कायदे दोन.

सैनिकावर १९५० च्या हवाई दल कायद्याचा अंमल असतो. कामगार संघटना त्याला वर्ज्य. नागरी कर्मचाऱ्याला ती मुभा आहे; एस. एम. जोशींसारख्या नेत्याने संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्षपद भूषविले. नागरी कर्मचाऱ्याची तक्रार केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाते, तर सैनिकाची २००७ च्या कायद्याने निर्माण झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे.

या दोघांवर एकच अधिकारी असतो, आणि तो काही वर्षांत बदलून जातो. नागरी कारागीर मात्र बहुधा तिथेच निवृत्त होतो. म्हणजे अधिकार एकाकडे, अनुभवाची शिदोरी दुसऱ्याकडे. अशा ठिकाणी नोकरीतले समाधान कशावर ठरते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. पगार, नियम, देखरेख यांत खोट असली तर असमाधान वाढते. पण खरे समाधान कामातून, जबाबदारीतून आणि मिळालेल्या दादेतून येते. पगार वेतन आयोगाच्या शिफारशींवर दिल्लीत ठरतो. डेपोतल्या अधिकाऱ्याच्या हाती तो नाही. श्रेय कोणाला द्यायचे, जबाबदारी कोणावर टाकायची, कोणाचे ऐकून घ्यायचे, हे मात्र त्याच्याच हाती असते.

येथेच दोन चुका संभवतात. कामगाराने विचारलेला ‘का?’ बेशिस्त मानला, तर तो गप्प बसायला शिकतो. उलट, सैनिक नाही म्हणू शकत नाही म्हणून अडीनडीचे प्रत्येक काम त्याच्याच गळ्यात घातले, तर तो मनातून कुढतो. दोघांना सारखे वागवणे म्हणजे न्याय नव्हे. नियम वेगळे का आहेत हे समजावून सांगणे आणि कामाची दाद एकाच मापाने देणे, हा न्याय.

हा केवळ कामगारकल्याणाचा विषय नाही. गप्प बसलेल्या कारागिराला दिसलेली बारीक चीर नोंदवहीत उतरली नाही, तर तिची किंमत वैमानिक मोजतो.