मांजर सतत खाजवतंय? आधी कारण शोधा, मग औषध

मांजराचा दिवसातला बराच वेळ अंग चाटण्यात जातो. त्यामुळे त्याला खाज सुटली आहे, हे अनेकदा घरच्यांच्या लक्षातच येत नाही. लक्षात येतं तेव्हा मानेवर खपल्या धरलेल्या असतात किंवा पोटावरचे केस गेलेले असतात. मग घाईघाईत कुत्र्यासाठी आणलेल्या गोचिडांच्या औषधाचे थेंब मांजराला लावले जातात. ही चूक त्याच्या जिवावर बेतू शकते.

खाज हा आजार नाही, ते लक्षण आहे. म्हणून उपाय कारणावर अवलंबून असतो.

पिसवा दिसल्या नाहीत, म्हणजे त्या नाहीत?

असं नाही. मांजरांना खाज सुटण्याचं सर्वांत सामान्य कारण पिसवाच आहेत. पिसू चावताना तिची लाळ त्वचेत जाते. काही मांजरांना या लाळेचीच ॲलर्जी असते. अशा मांजराला मोजक्या चाव्यांनीही अनेक दिवस खाज येते. शिवाय चाटताना मांजर पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे त्या सापडत नाहीत.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. बारीक दातांच्या फणीने शेपटीजवळचे केस विंचरा. पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणांभोवती लालसर तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे. मात्र काहीच सापडलं नाही, तरी पिसवा नाहीत असा निष्कर्ष काढता येत नाही.

आणखी कोणती कारणं असतात?

कानात कॉफीच्या पुडीसारखा काळपट मळ आणि सतत मान झटकणं, हे कानातल्या माइट्सचं लक्षण असू शकतं. कानाच्या कडांपासून चेहऱ्यावर पसरणाऱ्या जाड खपल्या खरजेकडे बोट दाखवतात. केस जाऊन गोल चट्टे पडले असतील, तर बुरशीमुळे होणारा नायटा असू शकतो. नायटा माणसांनाही होतो, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर विशेष काळजी घ्या.

काहींना खाण्यातल्या प्रथिनांची, उदाहरणार्थ चिकन किंवा माशांची ॲलर्जी असते. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुमारे ८ आठवडे ठरावीक आहार देऊन पाहावा लागतो. या काळात ताटातला माशाचा एक तुकडा दिला, तरी चाचणी फसू शकते.

कुत्र्याचं औषध का चालत नाही?

कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते पुरेशा वेगाने निकामी करता येत नाही. काही तासांत लाळ गळणं, अंग थरथरणं, झटके येणं सुरू होतं आणि मृत्यूही होऊ शकतो. कमी डोस दिला तरी धोका टळत नाही.

असं औषध चुकून लागलंच, तर लक्षणांची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा आणि औषधाचं वेष्टन घेऊन दवाखाना गाठा. मांजर शुद्धीवर असेल आणि झटके येत नसतील, तर डॉक्टरांच्या सूचनेनुसार औषध लागलेली जागा कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने धुता येते.

टी ट्री ऑइल आणि फिनाईलही मांजरांसाठी विषारी आहेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते.

मग करायचं काय?

पिसवांसाठी फक्त मांजरांचं औषध, त्याच्या वजनानुसार, डॉक्टरांना विचारून वापरा. घरातल्या सगळ्या प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करा, पण प्रत्येकाचं औषध वेगळं. पिसवांची अंडी आणि अळ्या मांजराच्या अंगापेक्षा घरातच जास्त असतात. त्यामुळे अंथरुणं गरम पाण्यात धुवा, सोफ्याच्या फटी आणि पायपुसणी साफ करा. कोष अनेक महिने टिकतात, म्हणून एका डोसनंतर थांबू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पिसवा वर्षभर तग धरतात.

जखमेतून पू किंवा रक्त येत असेल, मांजर जेवत नसेल किंवा खाजेमुळे झोपत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. खाज कधी सुरू झाली, कुठे येते आणि मांजर काय खातं, हे लिहून न्या. शक्य असेल तर खाजवतानाचा व्हिडिओही दाखवा. दवाखान्यात गेल्यावर मांजर घाबरून गप्प बसतं, तेव्हा कारण शोधायला याच नोंदी डॉक्टरांना उपयोगी पडतात.