भिंत नसलेला तुरुंग आणि जक्कयाचं घर

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. सरकारी दप्तरात ती कारागृह विभागाची 'खुली वसाहत' म्हणून नोंदलेली आहे आणि तिथे राहणारे पुरुष शिक्षा झालेले कैदी आहेत, बहुतेक जन्मठेपेचे. पण तुरुंग म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा दगडी तट इथे नाही. कैदी बायकापोरांसह घरात राहतो, शेतात राबतो, पिकवलेलं खातो आणि विकतो. वसाहतीची क्षमता अवघ्या 28 कैद्यांची. औंध संस्थानात 1939 साली ही वसाहत उभी राहिली. पुढे संस्थान विलीन झालं, आटपाडी आधी दक्षिण सातारा आणि मग सांगली जिल्ह्यात गेली, राज्याचं नावही बदललं. वसाहत मात्र चालू राहिली.

मी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्या घरांत मुलांना शहाणपण शिकवायचं ते बहुधा बायबलातल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकावरून. त्या पुस्तकात आकाशातल्या गोष्टी फार कमी आहेत. खोटी वजनमापं, सैल सुटलेली जीभ, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्यातला धोका, आळशाचं तणाने भरलेलं शेत, असे सगळे रोजच्या जगण्याचे विषय. वाडवडिलांनी घालून दिलेली शेताची हद्द सरकवू नये, ही ताकीदही तिथेच आहे. माणदेशात, म्हणजे आटपाडीच्या परिसरात, ही ताकीद कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पाऊस नेमका हुलकावणी देतो त्या मुलखात हातभर बांधावरून भाऊबंदकी पेटते, एखाद्या सकाळी कुऱ्हाड उचलली जाते, एक जण सरणावर जातो आणि दुसरा कळंब्याच्या नाहीतर येरवड्याच्या तुरुंगात. कुऱ्हाड उचलण्याआधी काय करावं हे नीतिसूत्रे सांगतात. कुऱ्हाड पडून गेल्यावर त्या माणसाचं काय, हा प्रश्न मला स्वतंत्रपुराने घातला. शीलाबद्दलची सगळी ख्रिस्ती शिकवण याच प्रश्नावर खरी की खोटी ठरते, असं मला वाटतं.

स्वतंत्रपूर ही ख्रिस्ती संस्था नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रचारक, चित्रकार आणि श्रद्धावान हिंदू. त्यांनी 1938च्या नोव्हेंबरात आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि 1939च्या जानेवारीत संस्थानाला नवी राज्यघटना मिळाली. तिच्या मागे गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांची धडपड होती आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या ज्यू अभियंत्याची बुद्धी होती. फ्रीडमन मुळात बंगळूरला विजेच्या कारखान्यात अधिकारी म्हणून आले होते. पुढे भारतानंद या नावाने ते इथलेच झाले. निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत आणणारे फ्रीडमन ते हेच. कैद्यांना कोठडीतून काढून माळावर मोकळं वसवायचं, ही कल्पना त्यांचीच.

तरीही या माळावर गालीलातल्या त्या डोंगराची सावली पडली आहे, आणि ती कोणत्या वाटेने आली ते दाखवता येतं. येशूचं डोंगरावरचं प्रवचन मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायात आहे. दुष्टाला दुष्टपणाने उत्तर देऊ नये, न्याय करायला बसताना आधी स्वतःच्या डोळ्यात पाहावं, वैऱ्यासाठीही प्रार्थना करावी, असं त्यात येतं. चर्चने शेकडो वर्षं हे शब्द पूजेत ठेवले. रशियात टॉलस्टॉय यांनी मात्र ते जसेच्या तसे आचरायचे शब्द आहेत, असं धरलं. 1894 साली दक्षिण आफ्रिकेत तरुण गांधीजींनी त्यांचं 'देवाचं राज्य तुमच्या अंतरी आहे' हे पुस्तक वाचलं आणि ते हलून गेले. 1910 साली जोहान्सबर्गजवळच्या शेतावर सत्याग्रहींची वसाहत उभी राहिली, तिला टॉलस्टॉयचंच नाव मिळालं. टॉलस्टॉय यांची 1899ची 'पुनरुत्थान' ही कादंबरी तर एका खटल्याच्या दिवशी सुरू होते, तुरुंग आणि सायबेरियाच्या वाटेने जाते आणि तिचा नायक शेवटी याच प्रवचनापाशी येऊन थांबतो. गुन्हा हा रोग मानावा आणि तुरुंगाचं इस्पितळ व्हावं, असं गांधीजी म्हणत. त्या म्हणण्यामागे हे वाचन होतं, आणि औंधाला सल्ला देणारे गांधीजी ते हेच.

पण ख्रिस्ती लोकांनी कैद्याचं भलं करायला जाऊन त्याचे भयंकर हालही केले आहेत. तो इतिहास टाळून स्वतंत्रपुराबद्दल लिहिणं मला खोटेपणाचं वाटेल. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1829 साली एक नवा तुरुंग उघडला. त्यामागची प्रेरणा मुख्यतः क्वेकर पंथाच्या सज्जनांची. जुन्या तुरुंगांतली घाण, फटके आणि झुंबड त्यांना असह्य झाली होती. त्यांनी विचार केला, माणूस एकटा राहिला, गप्प राहिला आणि हाताशी बायबल असलं की त्याचं मन आपोआप देवाकडे वळेल. म्हणून प्रत्येकाला वेगळी कोठडी, वेगळं छोटं अंगण आणि छतात प्रकाशासाठी एक झरोका. कोठडीबाहेर काढायचं तर डोक्यावरून तोंडापर्यंत टोपडं चढवायचं, म्हणजे त्याने कुणाला पाहू नये आणि त्याला कुणी पाहू नये. महिनोन्महिने दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसायचा नाही. 1842 साली चार्ल्स डिकन्स तिथे गेले आणि मनाचा हा छळ शरीराच्या कोणत्याही छळाहून वाईट आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. कैदी पश्चात्ताप करण्याऐवजी भ्रमिष्ट होत होते. ही पद्धत अधिकृतपणे मोडायला 1913 साल उजाडलं.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. इंग्रज सरकारने 1871च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा जमातींच्या सक्तीच्या वसाहती चालवायला मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्था पुढे आल्या. त्यांतल्या अनेकांचा हेतू प्रामाणिक होता. त्यांनी शाळा काढल्या, हाताला धंदा दिला. पण हजेरी चुकली नाही, कुंपण हटलं नाही, आणि ज्याने काहीही केलेलं नाही असं तान्हं मूलही गुन्हेगारांच्या यादीत जन्माला येत राहिलं. 1952 साली तो कायदा देशभर रद्द झाला. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं म्हणजे काय, हे आटपाडीतच 1921 साली जन्मलेल्या शंकरराव खरातांनी आयुष्यभर लिहिलं. त्यांचं आत्मचरित्र 'तराळ अंतराळ' वाचलेल्याला या वसाहतींचं दुःख वेगळं सांगावं लागणार नाही.

या दोन्ही ठिकाणी चूक एकच झाली. माणूस आधी सुधारावा, मग त्याच्यावर विश्वास टाकू, असा हिशेब मांडला गेला. शुभवर्तमानातला हिशेब उलटा आहे. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात यरीहोच्या जक्कयाची गोष्ट येते. जक्कय जकातदारांचा मुख्य, रोमी सरकारसाठी वसुली करता करता स्वतः गब्बर झालेला, गावाने वाळीत टाकलेला. बुटका असल्याने गर्दीत दिसेना, म्हणून तो येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढतो. येशू खाली थांबतो, वर पाहतो, त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्याच घरी उतरणार असं सांगतो. लोक कुरकुर करतात. तोवर जक्कयाने माफी मागितलेली नाही, एक छदामही परत केलेला नाही. घरी पाहुणा आल्यावर तो उभा राहतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करण्याचं कबूल करतो. आधी पाहुणचार, मग पश्चात्ताप आणि त्याच्या मागोमाग भरपाई. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट बुटक्या माणसाची गंमत म्हणून सांगतात. तिच्यातला हा क्रम मोठेपणीसुद्धा फारसा कुणी दाखवत नाही.

या क्रमाने जगून पाहिलेला मराठी ख्रिस्ती माणूस साताऱ्याला होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. आधी धर्मांतर, मग आपलेपणा, ही अट त्यांनी काढून टाकली. दरबार फार काळ चालला नाही, कारण 9 मे 1919 रोजी टिळकच गेले. पण ही वृत्ती त्यांच्या घरात आधीपासूनची होती. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त टिळक हातातलं देऊन मोकळे होताना दिसतात. नकुशी नावाच्या पोरीला त्या घरात माया मिळताना दिसते, आणि या सगळ्याचा भार प्रत्यक्ष उचलणाऱ्या लक्ष्मीबाईही दिसतात. टिळकांच्या औदार्याचं कौतुक करताना चुलीपाशी बसलेल्या त्या बाईला विसरता कामा नये. टाकलेल्या विश्वासाची किंमत घरात कुणीतरी मोजतच असतं.

औंध संस्थानातही या विचाराला जमीन तयार होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली याच संस्थानाच्या कुंडल भागात किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे रखवालदार नेमलं होतं. ज्याच्यापासून माल राखायचा त्याच्याच हाती मालाची राखण. स्वतंत्रपुरात त्याच्या पुढचं पाऊल पडलं. तिथे कैद्याजवळ त्याचं कुटुंब आलं. माझ्या मते या प्रयोगाचं मर्म तिथेच आहे. फिलाडेल्फियाच्या कैद्याला एकांत आणि धर्मग्रंथ मिळाला. आटपाडीच्या कैद्याला बायकोचं बोलणं मिळालं, पोराचा ताप मिळाला, पाणी सोडायची पाळी आणि करपलेल्या पिकाची काळजी मिळाली. राग आवरणं, शब्द पाळणं, दिलेलं काम नीट करणं या गोष्टी अशा संसारातच अंगवळणी पडतात.

याच तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांतारामांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा खुनी कैदी आणि त्यांना उजाड शेतावर नेणारा तरुण जेलर. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. 1958च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं आणि सोबत आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला. जक्कयाची गोष्ट पाठ असलेल्या परीक्षकांना माणदेशातल्या या गोष्टीत आपलं काही दिसलं, याचं मला नवल वाटत नाही.

एक अडचण मात्र उरतेच. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घराने स्वतंत्रपुराकडे काय म्हणून पाहावं? क्षमेवर प्रवचन देणाऱ्यांनी हा प्रश्न फार स्वस्तात सोडवला आहे. क्षमा करण्याचा हक्क ज्याचं नुकसान झालं त्याचा असतो, व्यासपीठावरच्या वक्त्याचा नसतो. 25 फेब्रुवारी 1995 रोजी मध्य प्रदेशात इंदूर भागात सिस्टर राणी मारिया यांचा बसच्या प्रवासात खून झाला. गरीब शेतमजुरांना सावकारीतून सोडवण्याचं त्यांचं काम काहींना खुपत होतं. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल 2002 साली तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याच्या हातावर तिने राखी बांधली. पुढे त्या कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि 2006 साली तो सुटला. खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षं गेली. त्या सात वर्षांबद्दल बोलण्याचा अधिकार त्या बहिणीचाच आहे.

देशातले तुरुंग क्षमतेपेक्षा जास्त भरलेले आहेत आणि 2024 साली सर्वोच्च न्यायालयानेही खुल्या कारागृहांचा मार्ग पुन्हा पुढे ठेवला. राजस्थानात सांगानेरला 1963पासून अशी वसाहत चालू आहे. महाराष्ट्रात पैठण, येरवडा, विसापूर इथे खुली कारागृहं आहेत. पण कुटुंबासह राहण्याची स्वतंत्रपुराची रीत 1939पासून आहे, आणि इतक्या वर्षांत महाराष्ट्रात ती 28 जणांपुरतीच राहिली, हे आपलं अपयश आहे. सरकारने अशा वसाहती वाढवायला हव्यात आणि आपण त्यांची मागणी करायला हवी. नाताळात केक घेऊन तुरुंगात जाणाऱ्या आमच्या मंडळ्यांनी सुटून आलेल्याला काम आणि भाड्याची खोली मिळवून देण्याचं कामही हाती घ्यावं. आणि वाचकहो, तुमच्या गावात कुणी शिक्षा भोगून परतला असेल, तर या दिवाळीत त्याला फराळाला बोलवा. त्याच्या हातून ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी मात्र आधी जाऊन या.