कसेल त्याची जमीन

ठाणे जिल्ह्यात बदलापूरजवळ खरवई हे गाव आहे. उल्हास नदीच्या या खोऱ्यात पाऊस विपुल पडतो. म्हणून भात हे येथील मुख्य पीक. उन्हाळ्यात राब भाजावा, मृगात पेरणी करावी, आषाढात चिखल तुडवीत लावणी करावी आणि दिवाळीच्या सुमारास पीक कापून खळ्यावर आणावे, हा शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. परंतु इंग्रजी अमदानीत या जिल्ह्यातील पुष्कळ शेतकरी कसत असलेल्या जमिनीचे मालक नव्हते. ते कुळे होते. खळ्यावर भाताची रास पडली, की जमीनमालक आपला खंड मोजून नेई. पुढील वर्षी तीच जमीन आपल्याकडे राहील, याची कुळाला शाश्वती नसे.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण खळ्यावरचे माप तेच राहिले, तर स्वातंत्र्य खेड्यापर्यंत पोचले असे कसे म्हणावे? म्हणून मुंबई राज्याने १९४८ साली कूळकायदा करून खंडाला मर्यादा घातली. पुढे त्या कायद्यात मोठी सुधारणा झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. जमिनीची किंमत साऱ्याच्या वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत ठरे व ती हप्त्यांनी फेडता येई.

जावा बेटाची कथाही काहीशी अशीच आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात डच सरकारसाठी शेतकऱ्यांना ऊस व नीळ पिकवावी लागे. १९४५ साली इंडोनेशियाने स्वातंत्र्य पुकारले आणि १९६० साली जमिनीविषयी नवा कायदा केला.

कायदा झाला, तरी सर्वांना न्याय मिळाला असे नाही. कित्येक कुळांनी ‘जमीन खुशीने सोडली’ असे कागद लिहून दिले. त्यांतील बरेच कागद खुशीचे नव्हते. ज्यांचे नाव दप्तरात नव्हते, त्यांना आपला हक्क सिद्ध करणे कठीण गेले. ज्या कातकरी मजुरांकडे कुळाचाही हक्क नव्हता, ते भूमिहीनच राहिले.

तथापि ज्यांचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून चढले, त्यांची मान ताठ झाली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मालक व मजूर, स्त्री व पुरुष, प्रत्येकाचे मत एकच मोजले जाऊ लागले. कायदा हक्क देतो. पण तो वाचता यावा, समजावा व निर्भयपणे मागता यावा, यासाठी शिक्षण लागते. म्हणूनच शेताइतकीच शाळाही गावाला मोलाची आहे.