नावेतली विहीर

वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना नाव माहीत असते ती नदी ओलांडणारी. तिच्यात रात्री झोपण्याचा प्रसंग येत नाही. पण मुंबईच्या ससून डॉकमधून किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून निघणारे ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात असतात. खलाशी तिथेच रांधतात, तिथेच झोपतात. या झोपलेल्या माणसाला धोका कशाचा, असे वर्गात विचारले तर उत्तर येते, बुडण्याचा. ते खरेच आहे. आम्हाला मात्र इथे दुसऱ्या धोक्याविषयी सांगायचे आहे, कारण तो रसायनशास्त्राच्या तासाला शिकवण्याजोगा आहे.

पाणी आत येऊ नये म्हणून नाव खालून बंद असते. साहजिकच, आत साचलेले काही खालून बाहेरही जात नाही. आता रेणुभार पाहू. हवेचा सरासरी २९. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेनचा ४४ आणि ब्यूटेनचा ५८. घरात शेगडीतून गळणारा हा जड वायू दाराखालच्या फटीतून थोडाफार निघून जातो. नावेत तो पाण्यासारखा तळाशी साचतो. खालच्या भागात झोपलेला माणूस त्याच पातळीवर असतो. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, पण गाढ झोपेत नाकावर भिस्त ठेवता येत नाही. हवेत हा वायू २ ते ९ टक्क्यांच्या आसपास असला, की पहाटे इंजिन सुरू करताना उडालेली एक ठिणगी पुरते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातले अर्धे ठाऊक असते. पडीक विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची रीत जुनी आहे. तो विझला तर खाली कार्बन डायऑक्साइड साचला आहे असे समजायचे. त्याचाही रेणुभार ४४! म्हणून प्रयोग वर्गात बिनधोक करता येतो. काचेच्या खोल भांड्यात एक आखूड व एक उंच मेणबत्ती लावा, तळाशी खाण्याचा सोडा पसरा आणि कडेने व्हिनेगर ओता. आखूड मेणबत्ती आधी विझते. मात्र कंदिलाची युक्ती नावेत नेऊ नये. तिथे साचलेला वायू ज्योत विझवणार नाही, पेट घेईल.

कार्बन मोनॉक्साइडची तऱ्हा वेगळी. रेणुभार २८, म्हणजे जवळजवळ हवेइतकाच. तो तळाशी बसत नाही, केबिनभर पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिनाचा धूर आत शिरला किंवा दार लावून कोळशाची शेगडी पेटवली की तो जमतो. (डिसेंबरात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांनाही हेच लागू आहे.) रक्तातले हीमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरते. माणसाला मोकळ्या हवेत आणल्यावरही रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला ४ ते ५ तास लागतात; शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. जागा माणूस डोकेदुखीने, मळमळीने सावध होतो, झोपलेल्याला ती सूचना मिळतच नाही. कंदील इथेही फसवतो, जीवघेण्या मोनॉक्साइडमध्ये तो नीट जळत राहतो. म्हणून तर खाणीत कॅनरी पक्षी नेत. ब्रिटनमध्ये ते बंद करण्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला.

तेव्हा सिलिंडर उघड्या डेकवर ठेवावा, झोपण्यापूर्वी तो सिलिंडरपाशीच बंद करावा, केबिनमध्ये शेगडी किंवा इंजिनाचा धूर येऊ देऊ नये आणि हवा खेळती राहील असे झरोके उघडे ठेवावेत. दोन्ही वायूंची सूचना देणारी भोंग्याची यंत्रेही मिळतात. एक अगदी तळाशी बसवायचे आणि एक उशाच्या उंचीवर. कोणते कुठे, हे विद्यार्थ्यांना रेणुभार पाहून ठरवू द्या.